शोधगंगेवरच्या माझ्या प्रबंधात मुलाखती दिलेल्या बायकांचे मोबाइल नंबर आहेत, प्रबंध काढून टाकू का?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्र शिकवते, सध्या तासिका तत्त्वावर. पीएचडी ऊसतोड कामगार बायकांच्या आरोग्यावर केली, बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी भागात वस्त्यांवर जाऊन मुलाखती घेतल्या होत्या. प्रबंध विद्यापीठाने शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर टाकलाय, तो टाकावाच लागतो, यूजीसीचा २००९ पासूनचा नियम आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. अडचण परिशिष्टाची आहे. सर्वेक्षण खरंच केलं याचा पुरावा म्हणून आमच्या विभागात उत्तरदात्यांची यादी जोडायला लावायचे, नाव, गाव, वय, मोबाइल. आणि पुढच्या तक्त्यात त्याच अनुक्रमांकाने कोणाची गर्भपिशवी काढली, कितव्या वर्षी, ऑपरेशनसाठी मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) किती उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतली हे सगळं. दोन पानं शेजारी ठेवली की कुठली बाई ते लगेच कळतं. परवा एमएच्या एका मुलीने ती यादी डाउनलोड करून विचारलं, मॅडम मी यांना फोन करू का प्रोजेक्टसाठी? तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. सहकारी म्हणतात सरळ अर्ज करून अख्खा प्रबंध काढून घे. काय करावं?
अजून एक, प्रबंध माहेरच्या नावाने आहे, पेपर सासरच्या नावाने, आणि गुगल स्कॉलरवर माझे दोन पेपर दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात दिसतायत. यावरही सांगा.

वाटसरू_लातूर:
काढून घ्या ताई. त्या बायकांनी कॉलेजच्या अभ्यासासाठी म्हणून सांगितलं असणार, कुणीही उठून फोन करावा म्हणून नाही. पिशवी काढली ही गोष्ट गावात जावेला सुद्धा सांगत नाहीत बऱ्याच जणी. तुमचं संशोधन कितीही चांगलं असू दे, आधी त्या बायका.

ग्रंथपाल_नाशिक:
वाटसरू, बायका आधी हे शंभर टक्के बरोबर, पण त्यासाठी प्रबंध काढायची गरज नाही. शोधगंगेवर प्रबंध म्हणजे एक गठ्ठा फाइल नसते, शीर्षकपान, प्रमाणपत्र, एकेक प्रकरण, परिशिष्ट अशा वेगवेगळ्या पीडीएफ असतात. त्यामुळे यादी आणि तक्ता ज्या फाइलमध्ये आहे तेवढी बदलून मागा. शोधगंगा चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र, पण फाइल विद्यापीठामार्फत चढते, म्हणून अर्ज तुमच्या विद्यापीठाच्या शोधगंगा समन्वयकाकडे करा, ते बहुतेक ग्रंथालयातच बसतात. अर्जात फाइलचं नाव आणि पान नंबर लिहा आणि दुरुस्त केलेली पीडीएफ सोबतच द्या, म्हणजे "बघू" म्हणायला जागा उरत नाही. मार्गदर्शकांचं पत्र जोडता आलं तर उत्तम.
आता दुरुस्ती कशी करायची ते नीट वाचा कारण इथेच लोक चुकतात, नुसतं नाव आणि नंबर खोडून भागत नाही. वस्ती असते तीस चाळीस घरांची, त्यात "वय ३४, तीन मुली, पिशवी काढलेली" एवढं लिहिलं तरी शेजारीण नाव सांगेल. म्हणून गाव काढा, तालुका ठेवा, वय गटात लिहा म्हणजे ३० ते ३५ वगैरे, आणि कोणाला किती मुलं, किती उचल हे एका ओळीत एकत्र न देता वेगवेगळे तक्ते करा. प्रकरणांमधल्या मुलाखतींच्या उताऱ्यांतही गावाचं नाव राहिलंय का बघा. आणि मूळ यादी पीडीएफमध्ये काळी पट्टी मारून झाकू नका, खालचा मजकूर तसाच राहतो, कॉपी केला की बाहेर येतो. पानच नवीन करा.
फाइल बदलल्यावर जुना मजकूर गुगलमध्ये काही दिवस दिसू शकतो, तो काढायची विनंती करायला गुगलचा वेगळा फॉर्म असतो, तो भरा. ज्यांनी आधीच डाउनलोड केलं त्यांचं काही करता येत नाही, पण त्या एमएच्या मुलीला मात्र आजच सांगा की यादी डिलीट कर, आणि का ते पण सांगा.

रानजाई:
प्रबंध उघडाच राहायला हवा असं मलाही वाटतं. २०१९ ला बीडच्या गर्भाशय ऑपरेशनांवरून एवढं रान उठलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा वस्तीवर जाऊन केलेलं काम किती जणांच्या हाताशी होतं? असं काम दडवलं तर नुकसान त्याच बायकांचं आहे.
पण एक विचारते, प्रबंध मराठीत असेल तर टाइप कशात केलाय? श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये असेल तर तो जगाला उघडा असून नसल्यासारखा आहे. पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून बघा, अगम्य इंग्रजी अक्षरं आली तर समजा गुगलला "ऊसतोड" शोधून तुमचं एक पानही सापडणार नाही. चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते वाचता येत नाही, म्हणजे कुणी उचललं तरी कळायचं नाही. फाइल बदलताच आहात तर सगळी प्रकरणं युनिकोडमध्ये (आपण मोबाइलवर टाइप करतो तसं मराठी) करून द्या, मूळ फाइल असेल तर कन्व्हर्टरने होतं, फक्त रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घाला, तिथे हमखास गडबड होते.

मांजराकाठ:
श्रीलिपीच आहे :( आत्ताच कॉपी करून बघितलं. अर्ज सोमवारी देते, काळ्या पट्टीचं बरं सांगितलंत, मी तेच करणार होते. वाटसरू, तुमचं म्हणणं पटलं म्हणूनच गाव पण काढतेय. नावाचं काय करू?

ग्रंथपाल_नाशिक:
ऑर्किड (ORCID) काढा, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, फुकट आहे, सोळा आकडी नंबर मिळतो. त्यात "या नावानेही ओळख" असा रकाना असतो, तिथे माहेरचं, सासरचं, आद्याक्षरांचं, सगळी नावं टाका आणि प्रबंध, पेपर स्वतः जोडा. पुढचा पेपर पाठवताना हा नंबर द्या म्हणजे आडनाव काहीही असो, काम तुमच्याच नावावर राहतं. नोंदणी करताना कॉलेजच्या ईमेलसोबत स्वतःचा खाजगी ईमेल टाकाच. तासिका तत्त्वावर आहात, कॉलेज बदललं की तो ईमेल बंद होतो आणि खात्यात शिरता येत नाही. खाजगी ईमेल कोणाला दिसावा हे तिथे ठरवता येतं, "फक्त मला" ठेवा. गुगल स्कॉलरवर दुसरीच्या खात्यातून पेपर तुम्हाला काढता येत नाहीत, पण स्वतःचं प्रोफाइल करून त्यात ते घेता येतात. ते प्रोफाइल स्कॉलरच्या सर्चमध्ये यायला मात्र संस्थेचा ईमेल लागतो, तेव्हा आत्ता आहे तोवर ते उरकून घ्या.