बँजो ऐकायला गेलो, इतिहास ऐकून आलो

परदेशस्थ_पांडू
मंडळी, नॉर्थ कॅरोलायनात राहतो. रालीपासून दीड तासावरचं गाव. तंबाखूची शेतं, दोन पेट्रोलपंप, चर्चं मात्र पावलापावलावर. गेल्या शनिवारी एका चर्चच्या हॉलमध्ये दोन कृष्णवर्णीय वादकांचा कार्यक्रम होता. एकाकडे फिडल (म्हणजे व्हायोलिनच, तऱ्हा गावरान), दुसऱ्याकडे भोपळ्याचा बँजो. खरोखरचा भोपळा, आपल्या तंबोऱ्याला असतो तसा, त्यावर कातडं ताणलेलं. एक तार बाकीच्यांपेक्षा आखूड. नखाने वरून खाली मारायचं आणि मागोमाग अंगठ्याने ती आखूड तार छेडायची. तिचा सूर हलत नाही, तुणतुण्यासारखी आपली टुंग टुंग चालू. अंगावर काटा आला.

पण दीड तासातला निम्मा वेळ बोलण्यात गेला. बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत, गुलामांनी तो इथे घडवला, मग गोऱ्यांनी तोंडाला काजळी फासून त्यांच्या नकला केल्या. सगळं खरं. त्यानंतर स्वतःचे अनुभव: रात्री कुठल्या गावात पेट्रोल भरायला थांबत नाही वगैरे. माझ्या पुढच्या रांगेतल्या टोपीवाल्या आजोबांनी जी हाताची घडी घातली ती शेवटपर्यंत सुटली नाही. नुसतं वाजवलं असतं तर सुटली असती. गाणं पुरेसं नसतं का?

खडूस_मावशी
नसतं. नुसत्या वाजवण्याने भागलं असतं तर डीफोर्ड बेलीचं भलं झालं असतं. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक, आणि काळा. माउथ ऑर्गनवर अख्खी आगगाडी धाडधाड सोडायचा. खेड्यापाड्यांतले गोरे शेतकरी त्याच्यासाठी रेडिओला कान लावून बसत. दौऱ्यावर मात्र बाकीचे कलाकार हॉटेलात आणि याला खोली मिळायची मारामार. १९४१ साली काढून टाकलं, मग बूटपॉलिशच्या दुकानावर संसार. कंट्री संगीताच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००५ला, तेव्हा त्याला जाऊन तेवीस वर्षं झाली होती. त्याने नुसतंच वाजवलं होतं, पांडूराव.
आणि ती पेट्रोलची गोष्ट तुम्हाला लांबलेली वाटली. त्यांना त्याच रात्री गाडी चालवत घरी जायचं होतं.

आठवा_सूर
पांडूंशी सहमत, कारण वेगळं. ही परंपरा टिकली कशी ते बघा. नॉर्थ कॅरोलायनातल्याच मेबिन गावचे जो थॉम्पसन, जन्म १९१८, फर्निचरच्या कारखान्यात नोकरी आणि हातात फिडल. चुलतभाऊ ओडेल बँजोवर. मक्याची कणसं सोलायला माणसं जमली की रात्री नाच, आणि साथीला हे. काळ्यांच्या घरी, गोऱ्यांच्याही. २००५ साली रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तरुण पोरं त्यांच्याकडे जायला लागली. शिकवणं म्हणजे काय, तर म्हाताऱ्याने वाजवायचं आणि पोरांनी पकडायचं. भजनी मंडळात पखवाज असाच येतो ना? त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' उभे राहिले, २०११ला ग्रॅमी मिळालं. व्याख्यानातून ठेका येत नाही.

खडूस_मावशी
अहो, त्याच गिडन्सबाई स्टेजवर गाणं कुठून आलं ते सविस्तर सांगतात! थॉम्पसनना सांगावं लागलं नाही, कारण समोर त्यांचीच नातवंडं शोभतील अशी पोरं होती.

बार्शीची_हलगी
माझे आजोबा हलगी वाजवायचे. मयत, लग्न, देवीचा छबिना, सांगावा आला की जायचंच. मोबदला भाकरी आणि पसाभर धान्य. माझे वडील शाळेत जायला लागले तेव्हा आजोबांनी हलगी खुंटीला लावली ती लावलीच, पोरांना हात लावू दिला नाही. आता कॉलेजच्या युवक महोत्सवात फेटे बांधून हलगी कडाडते. शेकवून घेतात तेही फोटोसाठी. निवेदक "आपली मराठमोळी लोककला" म्हणतो आणि पुढचा कार्यक्रम सुरू. ती कुणाच्या घरातून आली, त्या घरात का थांबली, एक वाक्य नाही. आपण बोललो की "जात कशाला काढता?"
त्या दोघांचा पाऊण तास मला कमीच वाटतोय.

रेकॉर्डवेडा
मुद्दा पोचला, पण तुलना पूर्ण बसत नाही. हलगी ही गावकीची सक्ती. बँजो गुलामांनी स्वतःच्या विरंगुळ्यासाठीही घडवला (मालकाच्या नाचाला वाजवावा लागे, ते आहेच). पुढे तो हातातून सुटला त्यात त्या काजळीच्या नकलांची शरम होती, पण शहराकडे गेलेली माणसं होती, गिटारही होती. आणि रेकॉर्ड कंपन्या होत्या. १९२०च्या दशकात त्यांनी मालाच्या दोन याद्या केल्या: काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस', गावाकडच्या गोऱ्यांसाठी 'हिलबिली'. काळा माणूस फिडल वाजवतोय म्हटल्यावर त्याला घालायचं कुठे? बहुतेकदा रेकॉर्डच केलं नाही.
अवांतर: कंट्री संगीतातल्या गाजलेल्या (गोऱ्या) कार्टर कुटुंबाचे ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणी गोळा करत हिंडायचे तेव्हा लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक सोबत असे. शब्द कार्टर उतरवून घेत, चाल रिडलच्या डोक्यात. रेकॉर्डवर नाव कुणाचं, ते सांगायला नको.

बार्शीची_हलगी
सक्ती आणि आवड इतक्या सरळ वेगळ्या होत नाहीत हो. आजोबा म्हातारपणी जेवायला बसले की ताटाच्या कडेवर बोटं चालायची. आजी ओरडायची, मग थांबायचे.

नवखा_वाचक
भाबडा प्रश्न. त्या हॉलमध्ये काळे श्रोते किती होते?

परदेशस्थ_पांडू
मोजले नव्हते. आता आठवून सांगतो: तीन. बाकी साठ-सत्तर गोरे. आणि आम्ही चौघं, आम्हाला कुठल्या यादीत घालायचं ते रेकॉर्डवेडा ठरवतील. गावात निम्मी वस्ती काळ्यांची आहे, त्यांचं चर्च तिथून चालत दहा मिनिटांवर. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं, त्या घडीवाल्या आजोबांचीच काळजी करत बसलो.
बोलणं लांबलं या मतावर मात्र ठाम आहे. वीस मिनिटांत आटपलं असतं.

रेकॉर्डवेडा
गिडन्सही हेच बोलल्या आहेत, चॉकलेट ड्रॉप्सच्या मैफलींना समोर बहुतेक गोरेच असायचे.

खडूस_मावशी
वीस मिनिटं? आपल्याकडे लग्नात आहेराची नावं वाचायला जास्त वेळ जातो.

परदेशस्थ_पांडू
मावशी, हरलो. ते दोघं ऑक्टोबरात पुन्हा येणार आहेत. या वेळी त्या दुसऱ्या चर्चमध्ये कार्यक्रम ठेवता येईल का, असा आयोजकांना ईमेल केला. आज उत्तर आलं: "कल्पना छान आहे, पण तिथे आमच्या ओळखीचं कुणी नाही."