वायपर फिरवणे, उडवणे, झेलणे: मराठीत काय म्हणावं?

काचघरातला: बाणेरला आमच्या ऑफिसच्या तळमजल्याच्या काचा पुसायला एक मुलगा येतो. साबणाचं पाणी लावतो, वायपरनं काच कोरडी करतो, इथवर ठीक. पण एक काच झाली की वायपर तर्जनीवर गर्रकन फिरवतो, हवेत उडवतो, दुसऱ्या हातानं झेलतो आणि न बघता कमरेच्या खोळीत सोडतो. काल आमची निम्मी मीटिंग तिकडेच बघत होती. याला काय म्हणावं? 'करामत' जड वाटतं, 'शायनिंग' म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होतो.

जुनी पेठ: काहीही म्हणा, 'हातचलाखी' नको. त्यात फसवणूक आली. 'हाताची सफाई' म्हणा. सफाई म्हणजे स्वच्छता आणि सफाई म्हणजे कसबही. 'सफाईदार' बोलणाऱ्यानं कधी झाडू हातात घेतलेला नसतो, तरी शब्द तोच. काचा पुसणाऱ्याला याहून चपखल काय मिळणार?

काचघरातला: पटलं, पण 'हाताची सफाई' ऐकलं की पीएमपीच्या बसमध्ये माझा हात आधी खिशाकडे जातो, त्याचं काय करू?

दांडपट्टा: 'पटाईत' सुचवतो. मूळ अर्थ दांडपट्टा चालवण्यात तरबेज. वायपरचे हात पट्ट्यासारखेच दिसतात.

जुनी पेठ: दिसतात, नसतात. पट्ट्याची मूठ खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या धातूच्या आवरणात असते, कोपरापर्यंत हात जखडलेला, मनगट वळतच नाही. वायपरचा सगळा खेळ मनगटाचा. 'पटाईत' हा गुण झाला. प्रश्न कृतीचा आहे.

रबरवाला: सात वर्षं हिंजवडी-खराडीत हेच काम केलंय, म्हणून बोलतो. तुम्ही दोन गोष्टींची मिसळ करताय.

एक म्हणजे काचेवरचा नागमोडी हात. तो बघणाऱ्याला नखरा वाटतो, पण ते शुद्ध काम आहे. सरळ पट्टे ओढले तर दर पट्ट्याला रबर उचलायचं, फडक्यानं पुसायचं, पुन्हा टेकवायचं. आणि जिथे टेकवलं तिथे रेघ राहायची. नागमोडी हातात रबर वरच्या कोपऱ्यात टेकतं ते थेट खाली आल्यावरच सुटतं. वळणावर पातं असं कलतं ठेवायचं की पाणी ओल्या बाजूलाच ढकललं जाईल, कोरड्यावर एक ओघळ गेला की मेहनत पाण्यात. हे जमायला मला एक अख्खा पावसाळा लागला. याला 'सफाई' म्हणा, माझी हरकत नाही.

दुसरं, बोटावर फिरवणं. त्यानं काच तसूभरही स्वच्छ होत नाही. ते फक्त जमिनीवर उभं राहून करायचं. उंचावर, दोरीवर किंवा झुल्यावर, हत्यार बांधलेलंच असतं, वरून सुटलं तर खालच्याचं डोकं फुटेल.

इतिहासप्रेमी: यात हत्याराचाही वाटा आहे. अमेरिकेतला जुना 'शिकागो' वायपर जड पोलादी, दोन रबरांचा. रबर बदलायचं तर बारा स्क्रू काढा. तो कोण बोटावर फिरवणार! कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एत्तोरे स्टेकोने या इटालियन काचा पुसणाऱ्यानं १९३६ साली हलक्या पितळी, एकाच रबराच्या वायपरचं पेटंट घेतलं. आजचे वायपर त्याच वळणाचे. आणि वेगाचं म्हणाल तर ब्रिटनच्या टेरी बरोज यांनी २००९ मध्ये सुमारे ११४ सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद अशा तीन काचा ९.१४ सेकंदांत पुसल्या. डाग राहिला तर दर डागाला अर्धा सेकंद दंड. तिथे फिरवाफिरवीला वेळ कुठला?

जुनी पेठ: रबरवाले, तुमच्या फोडीमुळे गाठ सुटली. काचेवरचं ते 'सफाई' आणि काचेबाहेरचं ते 'नाचवणे'. मिरवणुकीत पथकं ध्वज नाचवतात, जोतिबाला सासनकाठ्या नाचवतात. तिथेही वस्तूचं रोजचं काम बाजूला राहतं आणि तोल सांभाळत ती खेळवली जाते. मुलगा वायपर नाचवतो.

दांडपट्टा: 'बोटावर नाचवणे'ला जरा वाईट वास आहे हो. सासू सुनेला नाचवते तसा.

जुनी पेठ: वायपर तक्रार करणार नाही.

काचघरातला: 'नाचवणे' घेतलं. आता कमरेच्या त्या खोळीचं सांगा.

रबरवाला: आम्ही पाऊच म्हणायचो.

दांडपट्टा: म्यान म्हणा की! निदान तेवढं तरी माझं ठेवा.