अमेरिकेत डीओंची रेसिडेन्सी एमडींसोबत एकत्र झाली, मग परीक्षा दोन कशासाठी?

गंधाली

माझ्या भाचीला अमेरिकेतील एका ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. तिथे डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवीधरांना एमडी या नेहमीच्या वैद्यकीय पदवीधरांइतकेच पूर्ण अधिकार असतात, आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे रुग्णालयातील प्रशिक्षण, एसीजीएमई या एकाच संस्थेच्या मान्यतेखाली आल्या आहेत, एवढे मला ठाऊक आहे. तरीही तिचे सीनियर आतापासूनच सांगत आहेत, की पदवीसाठी बंधनकारक असलेली कॉमलेक्स ही डीओंची परवाना-परीक्षा तर द्यायचीच, पण सोबत एमडींची परवाना-परीक्षा यूएसएमएलईही द्यावी. मान्यता एक झाल्यावर हा दुहेरी भार का उरला आणि त्याचे समर्थन कोणत्या आधारावर केले जाते?

रातपाळी

गंधालीताई, मी डीओ असून सध्या इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करते आहे. नियमाने पाहिले तर सर्व राज्यांत परवान्यासाठी कॉमलेक्स पुरते. अडचण येते ती अर्जांच्या छाननीत. कॉमलेक्सच्या दुसऱ्या टप्प्यात उत्तीर्ण होण्यासाठी ४०० गुण लागतात, तर यूएसएमएलईच्या दुसऱ्या टप्प्यात बहुतेकांचे गुण अडीचशेच्या आसपास असतात. शेकड्यांनी आलेले अर्ज चाळणारा प्रोग्रॅम डायरेक्टर दोन मोजपट्ट्यांचा मेळ घालत बसण्यापेक्षा ओळखीच्या आकड्यावर चाळणी लावतो आणि तो रकाना रिकामा असलेला अर्ज न उघडताच मागे पडतो. २०२२ पासून दोन्ही परीक्षांचा पहिला टप्पा केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण झाल्याने सगळे वजन दुसऱ्या टप्प्यावर आले आहे. अभ्यासक्रम बराचसा सामाईक असला तरी हातांनी करावयाच्या ऑस्टिओपॅथिक उपचारांचा भाग फक्त कॉमलेक्सला असतो. म्हणजे फी दोनदा भरायची आणि तयारीही काही अंशी वेगळी करायची.

तळटीप

यामागचा इतिहास पाहिल्याशिवाय स्वतंत्र परीक्षेचा हा हट्ट कळणार नाही. कॅलिफोर्नियात १९६२ साली डीओंना ६५ डॉलरमध्ये एमडी पदवी देऊन त्यांची संघटना एमडींच्या संघटनेत विलीन करण्यात आली आणि नव्या डीओंना परवाने देणे बंद झाले; ते न्यायालयाने पुन्हा सुरू करायला लावले ते थेट १९७४ साली. आपली स्वतंत्र परीक्षा सोडणे म्हणजे पुन्हा गिळले जाणे, असे त्या व्यवसायातील जुन्या मंडळींना वाटते ते यामुळे.

रेसिडेन्सींची मान्यता एकत्र करण्याचा २०१४ चा करारही काही प्रेमापोटी झालेला नव्हता. फेलोशिपसाठी, म्हणजे रेसिडेन्सीनंतरच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी, एसीजीएमईच्याच रेसिडेन्सीचा आग्रह धरण्याचा प्रस्ताव पुढे आल्यावर अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन या डीओंच्या संघटनेला वाटाघाटींना बसावे लागले, आणि जुलै २०१५ ते जून २०२० या काळात संक्रमण पार पडले. तोवर केवळ डीओंसाठी असलेल्या जागा, त्यात ऑर्थोपेडिक्ससारख्या चुरशीच्या शाखाही आल्या, एमडींना खुल्या झाल्या, तर लहान रुग्णालयांतील काही रेसिडेन्सी कार्यक्रम नव्या निकषांत बसले नाहीत. राखीव जागा गेल्या आणि दुसरी परीक्षा मात्र राहिली. अस्मिता जपायची संघटनेने आणि भुर्दंड सोसायचा विद्यार्थ्याने, हे मला तरी पटत नाही.

वळणवाट

तळटीप, इतिहास मान्य आहे. पण परवाना-परीक्षेने जे शिकवले तेच तपासावे, हा मुद्दा निव्वळ अस्मितेचा नाही. हे विद्यार्थी ऑस्टिओपॅथिक उपचारपद्धतीसाठी सुमारे दोनशे तास देतात. ते कुठेच तपासले जाणार नसतील, तर पदवी वेगळी ठेवण्यात काय अर्थ आहे? माझ्या मते दोष परीक्षेचा नसून ती न स्वीकारणाऱ्या कार्यक्रमांचा आहे. २०२३ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहात आलेल्या विधेयकाचा रोखही तिकडेच होता: मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या पैशावर चालणाऱ्या रेसिडेन्सींनी गुण मागितलेच, तर कॉमलेक्सही स्वीकारावी आणि दोन्ही प्रकारचे किती अर्ज आले हे दरवर्षी कळवावे. अर्थात, कायद्याने अर्ज स्वीकारायला लावता येतो, मुलाखतीला बोलवायला नाही. त्यातच मेडिकेअरने निधी दिलेल्या जागांवर १९९७ पासून मर्यादा आहे, त्यामुळे चाळणीचा मोह वाढतच जाणार.

गंधाली

सर्वांचे आभार. भाचीचा कल अजून ठरलेला नाही. अशा वेळी काय करावे?

रातपाळी

फॅमिली मेडिसिनकडे जायचे असेल, तर एकट्या कॉमलेक्सवर अनेक जणांचे निभावते. शस्त्रक्रियेच्या शाखा मनात असतील, तर यूएसएमएलईचा निदान दुसरा टप्पा द्यावा. मात्र काही कार्यक्रम पहिलाही मागतात, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत तिने आवडत्या कार्यक्रमांच्या अटी वाचून ठेवाव्यात आणि तिथे सध्या किती रेसिडेंट डीओ आहेत हेही पाहावे. अटींत लिहिलेले नसते ते बऱ्याचदा त्या यादीवरून कळते.