डेलावेअर खाडीतील हॉर्सशू क्रॅब: माद्यांच्या पकडीवर कायमची बंदी हवी का?

निरभ्र (धागालेखक)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलावेअर खाडीत दर मे-जूनमध्ये, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला, हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारखे कवच असलेले समुद्री प्राणी) अंडी घालायला वाळूवर चढतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या किनारपट्टीवर शंख आणि वाम यांच्या सापळ्यांत आमिष म्हणून त्यांची वर्षाला २० लाखांहून अधिक उचल होत होती. १९९८ मध्ये अटलांटिक राज्यांच्या सागरी मत्स्यव्यवसाय आयोगाने पहिली व्यवस्थापन योजना आणली, २००१ मध्ये खाडीच्या मुखाबाहेर राखीव क्षेत्र झाले, २००८ मध्ये न्यू जर्सीने कायद्यानेच पकड थांबवली आणि २०१३ पासून खाडीतील माद्यांची आमिषासाठीची पकड शून्यावर आली.

मात्र हे शून्य आयोगाच्या मंडळाच्या निर्णयावरच टिकून आहे. पकडीची मर्यादा सुचवणाऱ्या, २०२२ मध्ये स्वीकारलेल्या सुधारित गणिती चौकटीत वर्षाला कमाल २,१०,००० माद्या पकडण्यास वाव आहे. मंडळाने तेव्हा तो वापरला नाही, एवढेच. मादी प्रजननक्षम व्हायला नऊ-दहा वर्षे लागतात. आज चुकीची परवानगी दिली, तर तिचे परिणाम किनाऱ्यावर दिसेपर्यंत एक दशक निघून गेलेले असेल. म्हणून माद्यांवरील बंदी योजनेतच कायमची लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तटस्थ

मी असहमत आहे. ही चौकट कोणी मच्छीमारांच्या दबावाखाली बनवलेली नाही. खाडीतील प्रत्यक्ष सर्वेक्षणे आणि क्रॅबची अंडी खाणाऱ्या रेड नॉट या स्थलांतरी पक्ष्यांच्या नोंदी यांवर ती उभी आहे. शास्त्राचा निष्कर्ष बंदीच्या बाजूने असताना तो मच्छीमारांनी मुकाट्याने मान्य करावा आणि मर्यादित पकडीच्या बाजूने आला की आपण तो बाजूला सारावा, हे न्याय्य नाही. अशाने पुढच्या वेळी आकडेवारी द्यायला मच्छीमार पुढे येणार नाहीत.

शिवाय एका ठिकाणी दार बंद केले, की मागणी दुसरीकडे वळते. क्रॅबच्या २०१९ च्या मूल्यांकनात डेलावेअर खाडीची स्थिती मध्यम ठरली, तर न्यूयॉर्क परिसराची वाईट. आमिषासाठी आशियाई जातींची आयात होऊ लागली, तेव्हा २०१३ मध्ये ती थांबवा असे आयोगालाच म्हणावे लागले. आशियातील तीन काट्यांची जात तर आज संकटग्रस्त यादीत आहे. तिच्या जिवावर अमेरिकी मादी वाचवणे याला संरक्षण म्हणता येईल का?

निरभ्र

आयातीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तीही बंदच राहावी. पण चौकटीविषयीचा आपला युक्तिवाद एका ठिकाणी अपुरा पडतो.

मादी वाळूत साधारण वीतभर खोल अंड्यांचे पुंजके पुरते. एका पुंजक्यात काही हजार हिरवट, मोहरीएवढी अंडी असतात. रेड नॉटची चोच आखूड असते आणि तिथपर्यंत ती पोहोचत नाही. पक्ष्यांच्या वाट्याला येतात ती फक्त वर आलेली अंडी, आणि ती वर येतात लाटांमुळे व नंतर आलेल्या माद्यांनी त्याच वाळूत पुन्हा खणल्यामुळे. म्हणजे किनाऱ्यावर माद्यांची दाटी असेल, तरच पक्ष्यांना अन्न मिळते. स्वतःचा वंश टिकवण्यापुरत्या माद्या विरळ पसरलेल्या असतील, तर जात जगेल आणि पक्षी उपाशी राहील. दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील तिएरा देल फुएगोपासून उत्तर ध्रुवीय प्रदेशाकडे निघालेल्या या पक्ष्याला इथल्या मोजक्या आठवड्यांत आपले वजन जवळपास दुप्पट करायचे असते. १९८०च्या दशकात इथे ९०,०००च्या आसपास रेड नॉट उतरत. २०२१ च्या गणनेत सात हजारसुद्धा भरले नाहीत. पक्ष्यांच्या नोंदी चौकटीत आहेत हे खरे, पण त्या या घसरणीनंतरच्या काळातल्या आहेत. दाट किनारा पक्ष्यांना काय देत होता, ते त्यांतून कळणार कसे?

रसायनी

आपण दोघेही आमिषावरच बोलत आहात. औषधनिर्मितीसाठी वर्षाला लाखो क्रॅब पकडले जातात, त्यांचे काही रक्त काढले जाते आणि मग ते समुद्रात परत सोडले जातात. त्यांपैकी सुमारे १५ टक्के मरतात असे आयोग धरतो. काही अभ्यासांत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत आले आहे. त्या निळ्या रक्तातील पेशींपासून बनणारी एलएएल चाचणी लसी आणि इंजेक्शनांतील जिवाणूजन्य विष शोधते. अमेरिकेत तिला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. ही पकड एका रात्रीत थांबवा असे मी कधीही म्हणणार नाही, कारण सलाइनच्या प्रत्येक बाटलीमागे एक रुग्ण असतो.

परंतु आता पर्याय आहे. रिकॉम्बिनंट फॅक्टर सी हे तेच विष शोधणारे, प्रयोगशाळेत तयार होणारे प्रथिन २००३ पासून बाजारात आहे. युरोपीय औषधकोशाची त्यावरील पद्धत २०२१ मध्ये लागू झाली, अमेरिकी औषधकोशाचे प्रकरण २०२५ मध्ये. अशा स्थितीत रक्तासाठीच्या पकडीलाही बंधनकारक आणि टप्प्याटप्प्याने उतरणारी मर्यादा का नसावी? लहान मच्छीमारावर मोजून कोटा आणि औषध कंपनीला केवळ मार्गदर्शक सूचना, हा भेद मला खटकतो.

तटस्थ

हा भेद मलाही खटकतो आणि त्या मर्यादेला माझा पाठिंबा आहे. निरभ्र यांचा दाटीचा मुद्दाही वजनदार आहे. त्यामुळे खाडीत माद्यांची पकड आत्ता सुरू करू नये, इथपर्यंत मी येतो. मात्र ‘कायमची’ या शब्दाला माझा विरोध राहील. किनाऱ्यावर दर चौरस मीटरला वर आलेली अंडी किती असावीत याचा किमान आकडा ठरवा आणि सलग काही वर्षे तो गाठला गेला, तरच फेरविचार करा. दरम्यान आमिष जाळीच्या पिशवीत ठेवणे सर्व राज्यांत सक्तीचे करावे, म्हणजे क्रॅबचा लहान तुकडाही जास्त दिवस पुरतो. हा खर्च मच्छीमाराने का सोसावा, याचे उत्तर मात्र बंदी मागणाऱ्यांनी द्यायला हवे.

निरभ्र

पिशव्यांचा खर्च राज्यांनी उचलावा. रक्तासाठी पकडलेल्या प्रत्येक क्रॅबमागे कंपन्यांकडून शुल्क घेतले, तर तो त्यातून भागू शकेल. अंड्यांच्या किमान आकड्याची अट मला मान्य आहे, पण तो आकडा पक्ष्यांच्या गरजेवरून ठरला पाहिजे, आजच्या विरळ किनाऱ्याच्या सरासरीवरून नव्हे.