स्टेट सेनेटरची शुक्रवारची मेल: खबरबात की प्रचार?

खिडकीतून (धागाकर्ता)

विस्कॉन्सिनला राहायला आल्यापासून एक सवय लागली आहे. दर शुक्रवारी आमच्या भागाच्या स्टेट सेनेटरच्या ऑफिसातून मेल येते, ती चहाबरोबर वाचायची. (वॉशिंग्टनमधला सेनेटर वेगळा. हा राज्याच्या विधिमंडळातला, म्हणजे आपल्या हिशेबाने आमदारच. इथे असेंब्लीत 99 आणि सेनेटमध्ये 33 जण असतात.)

कुठल्या समितीपुढे कशावर सुनावणी झाली, कुठला रस्ता कधीपर्यंत बंद, सेनेटर लायब्ररीत लोकांना कधी भेटणार, फ्लूची लस कुठे, सगळं त्यात असतं. राज्याच्या महसूल खात्याकडे लोकांचे बेवारस पैसे पडून असतात हे मला त्यातूनच कळलं. सहज शेजारच्या आजींचं नाव टाकून बघितलं, तर जुन्या नोकरीतला न वटवलेला चेक निघाला! होमस्टेड क्रेडिट नावाची करसवलत असते हेही मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

परवा जेवायला आलेला मित्र म्हणाला, "अरे, हा आपल्याच पैशाने चाललेला प्रचार आहे." मला तसं वाटत नाही. अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं 2005 नंतर बंद पडली. विधिमंडळात बसून गावाला कळवणारा बातमीदार उरलाय कुठे? मग निवडून दिलेल्या माणसानेच कळवलं तर बिघडलं काय?

---

तिरपागडा

आजींचा चेक मिळाला, आनंद आहे. पण तो दिला महसूल खात्याने आणि तुमच्या लक्षात राहिले सेनेटर. सगळी गंमत इथेच आहे.

आणि प्रचार म्हणजे खोटंच सांगावं लागतं असं नाही. तुमच्याच राज्यातलं उदाहरण घ्या. 2023 च्या अर्थसंकल्पात शाळांची उत्पन्नमर्यादा (राज्याची मदत आणि घरपट्टी मिळून शाळांना किती पैसे उभारता येतात ती मर्यादा) दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 325 डॉलरने वाढवली होती, 2023-24 आणि 2024-25 या दोन वर्षांसाठी. गव्हर्नर एव्हर्स यांनी अंशतः नकाराधिकार वापरला आणि शेवटच्या आकड्यातला '20' आणि मधली रेघ खोडली. उरलं काय? 2425! दोन वर्षांची वाढ 400 वर्षांची झाली. 2025 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते वैधही ठरवलं.

आता हीच बातमी एका पक्षाचा सदस्य लिहील, "शाळांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार". दुसऱ्या पक्षाचा लिहील, "400 वर्षं घरपट्टी वाढायला मोकळं रान". खोटं कुणीच बोललं नाही. तुम्हाला मात्र त्यातली एकच मेल येते.

---

खिडकीतून

मला दोन येतात. पलीकडच्या मतदारसंघातला सदस्य विरुद्ध पक्षाचा आहे, त्याच्याही यादीत नाव घातलंय. कुणी अडवत नाही.

---

तिरपागडा

तुमच्यासारखे किती? यादीत नाव घालतात ते बहुतेक आधीच त्या पक्षाचे असतात.

---

पळसपान

कॅलिफोर्नियातून लिहितेय. इथे बंदी घालून झाली आहे. 1988 साली प्रपोझिशन 73 ला लोकांनी कौल दिला आणि सरकारी खर्चाने बातमीपत्रं पाठवणं बंद झालं. पदाधिकाऱ्याचं नाव, फोटो मिरवणाऱ्या पत्रकाच्या महिन्याला 200 हून जास्त प्रती गेल्या की नियमात अडकलात.

पुढे काय झालं? पत्रकं येतातच, फक्त निवडणूक फंडातून, म्हणजे देणगीदारांच्या जिवावर. त्यात लायब्ररीची वेळ नसते की रस्ता कुठला बंद ते नसतं. विरोधकाचा काळाकुट्ट फोटो तेवढा असतो. आमच्या स्टेट सेनेटरमागे जवळजवळ दहा लाख लोक आहेत, वॉशिंग्टनला जाणाऱ्या आमच्या प्रतिनिधीपेक्षाही जास्त. एवढ्यांना तो प्रत्यक्ष भेटणार कधी? मला तरी बंदीचा उपाय रोगापेक्षा जड वाटतो. (आणि बंदी कागदाला आहे. ई-मेल त्यातून सुटली, हेही आलंच.)

---

नेब्रास्काची_काकू

तुम्ही सगळे सदस्याने सांगावं की नाही यावर भांडताय. सभागृहाने सांगावं ना! आमच्याकडे एकच सभागृह, 49 सदस्य, मतपत्रिकेवर त्यांच्या पक्षाचं नावही नसतं. विधिमंडळाचं स्वतःचं माहिती कार्यालय आहे, ते 'युनिकॅमेरल अपडेट' काढतं. विधेयक कुणाचं, बाजूने कोण बोललं, विरोधात कोण बोललं, मतं किती पडली. बास. "मला अभिमान वाटतो" वगैरे नाही.

---

खिडकीतून

काकू, आत्ताच चाळलं. चांगलं आहे हो, पण माझ्या भागाचं काय ते त्यातून मलाच शोधावं लागेल. सेनेटरच्या मेलमध्ये आमच्या पुलाचं काम कुठवर आलं ते असतं. लोक पुलासाठी मेल उघडतात आणि उघडलीच आहे म्हणून वरचं विधेयकही वाचतात.

---

जुना_वाचक

न्यू हॅम्पशायर. आमच्या हाउसमध्ये (खालच्या सभागृहात) 400 जण, पगार वर्षाला 100 डॉलर. (हो, शंभरच.) साडेतीन हजार लोकांमागे साधारण एक प्रतिनिधी. ऑफिस नाही, लेखनिक नाही. बातमीपत्र आलंच तर ते त्याने रात्री स्वतः बडवलेलं असतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. एरवी शनिवारी कचरा टाकायला डंपवर गेलं की भेटतो, तिथेच विचारायचं. ज्यांच्याकडे मेल लिहायला पगारी माणसं आहेत त्यांच्याबद्दल माझं मत तिरपागडांसारखंच.

---

खिडकीतून

पगारी माणसं आहेत, पण इथेही वेसण आहे. उमेदवारी अर्जांवर सह्या गोळा करणं सुरू झालं, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी 15 एप्रिल उजाडला, की पुन्हा उभ्या राहणाऱ्या सदस्याला एकाच मजकुराच्या 50 किंवा जास्त प्रती सरकारी खर्चाने वाटता येत नाहीत.

---

तिरपागडा

म्हणजे तो प्रचार आहे हे कायद्यालाही एप्रिलपासून पटतं. मार्चमध्ये तोच मजकूर सात्त्विक कसा?

बरं, वाद सोडा, एक करून बघा. मागच्या सहा महिन्यांच्या मेल काढा. "माझं विधेयक समितीतच बारगळलं" असं एकदा तरी लिहिलंय? "तुमच्यापैकी बरेच जण हे नको म्हणत होते, तरी मी बाजूने मत दिलं" असं?

---

खिडकीतून

काढल्या. 24 निघाल्या. "मी विरोधात मत दिलं" तीनदा, तिन्ही वेळा फुशारकीने. बारगळलेलं विधेयक एकही नाही. त्यांनी मांडलेली दोन विधेयकं नंतर कुठे गेली याचा पुढे उल्लेखच नाही. हे मी इतके दिवस वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, म्हणजे हा मुद्दा तुमचा.

पण म्हणून मेल बंद करा, हे नाही पटत. प्रत्येक मेलखाली त्या आठवड्याची मतं छापा, हो-नाही, नुसता तक्ता. सरकारी पैसा हवा तर ही अट. तसं सेनेटरच्या ऑफिसला आज लिहिलंय.

---

पळसपान

उत्तर आलं तर टाका इथे.

---

तिरपागडा

अट चांगली आहे, मानणार नाहीत. तोवर तुमच्या विधिमंडळाची सूचना सेवा घ्या. विधेयकाचा नंबर नाहीतर समिती निवडायची, हालचाल झाली की मेल येते. फुकट आहे, मध्ये कुणी सेनेटर नाही.

---

खिडकीतून

घेतली होती हो गेल्या वर्षी. उत्साहाने सगळ्या समित्यांवर टिचकी मारली. आठवड्यात चाळीसेक मेल आल्या, त्यातल्या दोन कळल्या. त्या दोन्हींचा अर्थ शुक्रवारच्या मेलमध्ये वाचला.