मदत हवी आहे: मुलाच्या मूत्राशयात खडा, छिद्रातून ऑपरेशन कोणी केलंय का?

मुलगा साडेचार वर्षांचा, दोन महिने शू करताना मध्येच धार तुटायची आणि हा पाय आपटत रडायचा, आम्हाला वाटलं उन्हाळी लागली म्हणून सासूबाई धन्याचं पाणी देत होत्या, शेवटी सोनोग्राफीत मूत्राशयात १४ मिमीचा खडा निघाला. सर्जन म्हणतात मुलग्यांची लघवीची नळी अरुंद असते, खालून दुर्बीण घातली तर दुखावून पुढे आकसू शकते, म्हणून ओटीपोटावर बारीक छिद्र पाडून तिथून खडा फोडून काढू. दुसरे सर्जन म्हणतात सरळ ओपन करा, म्हणजे छेद घेऊन खडा काढा. कोणाच्या मुलाचं छिद्रातून झालंय का? कॅथेटर (लघवी बाहेर काढणारी नळी) किती दिवस होता आणि मुलाने तो ओढू नये म्हणून काय केलंत? आमचा तर साधी बँडेज पट्टी पण टिकू देत नाही हो.