सल्ला हवा: बोअरच्या क्षाराच्या पाण्यात झाडांची फिश टँक जमेल का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. लेक दहा वर्षांची आहे. मागच्या वर्षी गोल काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणले होते, पाचव्या दिवशी दोन्ही गेले. तिनं ते अंगणात कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले आणि अजून रोज तिथं तांब्याभर पाणी घालते. त्यामुळं या वेळी आधी विचारायचं आणि मगच पाणी भरायचं असं ठरवलंय.

काचवाल्याकडून टाकी करून घेतली आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिला आत खरी झाडं हवीत, थोडे मासे, ते लाल झिंगे आणि गोगलगायी. अडचण पाण्याची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, बाकी सगळी भिस्त बोअरवर. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएसच्या पेनवर बोअरचं पाणी ७८० दाखवतंय. बादल्यांना पांढरा थर बसतो, डाळ लवकर शिजत नाही. दुकानदार सांगायलेत की आरओचंच पाणी भरा आणि निऑन टेट्रा न्या. पण एक बादली आरओच्या मागं दोन-तीन बादल्या मोरीत जातात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यायलोय, माझ्या हातून ते होत नाही.

दुसरी अडचण वडिलांची. २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी आमचं सोयाबीन उगवल्या उगवल्या खाल्लं, दुबार पेरणी करावी लागली. आता पैसे देऊन गोगलगाय घरात आणायची म्हटल्यावर ते ताटावरून उठले.

कोणती झाडं, कोणते मासे, किती? कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर वगैरे नको. मृग नुकताच लागलाय, मला घाई नाही.

सदाफुली (नांदेड)

दादा, आधी जागा बघा. तुमच्या टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावतं. वाळू आणि काच धरली तर ऐंशी किलोच्या आसपास जाईल. टीपॉयवर ठेवू नका, ओटा किंवा लोखंडी स्टँडच घ्या, आणि काचेखाली थर्माकोलचं शीट घाला म्हणजे तळाला कुठं टोचणार नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोर तर मुळीच नको. ऊन पडलं की पाणी तापतं आणि आठ दिवसांत काच शेवाळानं हिरवी होते.

आणि एक सांगा, घरी डासांचं मशीन लावता का?

मांजराकाठ (लातूर)

हो ताई, दोन्ही खोल्यांत. रोज. त्याचा काय संबंध?

सदाफुली (नांदेड)

फार जवळचा. त्या रिफिलमध्ये, कॉइलमध्ये आणि फवाऱ्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड असतं, म्हणजे कीटक मारणारं औषध. झिंगा हा कीटकांचाच चुलत भाऊ, त्याला ते लगेच बाधतं. मासेही त्यातून सुटत नाहीत. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे आपणच ते आत ढकलत असतो. माझे तीस चेरी, म्हणजे तुम्ही म्हणता तेच लाल झिंगे एका रात्रीत गेले. पाहुणे आले होते, कुणीतरी हॉलमध्ये फवारा मारला आणि पंप चालू होता. सकाळी सगळे तळाला आडवे, पाय हलत होते पण उठता येत नव्हतं. ते मी अजून विसरले नाही.

टाकी ज्या खोलीत त्या खोलीत मच्छरदाणी. हे जमणार असेल तरच झिंगे आणा, नाहीतर नुसत्या झाडांवर समाधान माना.

गोदातीर (परभणी)

सदाफुलीताईंनी सांगितलं ते आधी पक्कं करा. आता पाण्याचं. तुमचं पाणी वाईट नाही, दुकानदाराचा सल्ला तुमच्या पाण्याला जुळत नाही एवढंच. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आंबूस पाण्यातला मासा. त्याच्यासाठी तुम्ही जन्मभर आरओ चालवणार का? माशाला पाणी शोधत बसू नका, पाण्याला मासा शोधा. गप्पी आणि प्लॅटी क्षाराच्या पाण्यातच तजेलदार राहतात. गोगलगायीचं कवचही कॅल्शियमचं, मऊ पाण्यात ते झिजून पांढरं पडतं. आपल्याकडं बादलीला बसणारा थर तिच्या कामाचा आहे.

फक्त झिंग्यांसाठी ७८० जरा जास्त होतं, कात टाकताना अडतात. त्यावर उपाय तुमच्या डोक्यावरच आहे. पहिले दोन-तीन पाऊस स्लॅब धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली स्वच्छ ड्रम लावा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. निम्मं बोअर, निम्मं पावसाचं केलं की पेन ४०० च्या आसपास येईल. त्या पाण्यात गप्पी, झिंगे, गोगलगाय तिघंही सुखानं राहतात. ड्रमला झाकण मात्र घट्ट लावा, डास होतील. नळाचं पाणी वापरलं तर त्यात क्लोरिन असतं, तेव्हा दुकानात हायपो नावानं खडे मिळतात ते टाकूनच घ्या.

वाळू गोदावरीची किंवा मांजरेची चालेल, जाड चाळणीनं चाळून पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. मूठभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर ओता. फसफसली तर त्यात चुनखडीचे खडे आहेत, ते निवडून काढा. आपल्या रानात ते पुष्कळ असतात आणि पाणी आणखी जड करतात.

झाडं पहिल्या दिवशीच भरपूर लावा. दोन रोपं इकडं, दोन तिकडं असं करू नका, पहिले महिने सगळा भार झाडंच उचलतात. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, जड पाण्यात गवतासारखी पसरते. मध्ये क्रिप्टोकोरायन. तिची पानं पहिल्या पंधरवड्यात विरघळल्यासारखी गळतील, उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि नवी पानं येतात. जावा फर्न आणि अनुबियास यांचा आडवा कंद वाळूत पुरायचा नाही, पुरला की कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचा. आणि जावा मॉसचा एक गठ्ठा हवाच, झिंग्यांची पिलं त्यातच लपतात. एलईडी पट्टी सात तास, टायमरवर. जास्त उजेड म्हणजे जास्त शेवाळ.

आता लेकीचे गोल्डफिश का गेले ते. माशाची घाण आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषं, तिसरं झाडं खातात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतातच, ते वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये घर करायला चार ते सहा आठवडे घेतात. वर आपल्या पाण्याचा पी.एच., म्हणजे पाणी आंबूस की अल्कधर्मी त्याचा आकडा, ८ च्या पुढचा. त्याच अमोनियाचा विषारी भाग पी.एच. ७ पेक्षा ८ ला जवळपास दहापट होतो. म्हणून आपल्याकडं घाई जास्त महाग पडते. झाडं लावा, स्पंज फिल्टर सुरू करा, मासा नसताना रोज चिमूटभर खाद्य टाका. पाणी तपासायच्या थेंबांच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग मासे.

माशांत सहा-सात गप्पी, सगळे नर. एक मादी आली तरी महिन्याभरात पिलं सुरू होतात, आणि नर सोबत नसला तरी ती कित्येक महिने पिलं देत राहते. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग जे गप्पी वाटतो ते रंगानं साधे पण काटक असतात, आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून घ्या. एंजल, टायगर बार्ब नको. काच साफ करतो म्हणून सकर फिश गळ्यात मारतील, तोही नको. तो फूटभर वाढतो, मग लोक तो नदीत सोडतात आणि तिथं तो मच्छीमारांची जाळी फाडतो. टाकीतलं काहीच, झाडसुद्धा, नदीत किंवा तळ्यात टाकायचं नाही.

कैलासदर्शन (छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर, नुसत्या वाळूत व्हॅलिसनेरिया उपाशी राहते. खाली इंचभर बागेची माती आणि वर दीड इंच वाळू, असं मी चार वर्षं चालवतोय, वरखत लागत नाही.

गोदातीर (परभणी)

तुमची पद्धत चांगलीच आहे, पण माती कोणती ते नवीन माणसाला सांगायला हवं. लातूरची काळी माती पाण्यात फुगते, एखादं रोप उपटलं की टाकीभर गढूळ. त्यात शेतातली असेल तर फवारणीचा अंश असतो, झिंगे टिकत नाहीत. पहिली टाकी वाळूची असू द्या, मुळाशी खताच्या गोळ्या पुरल्या की भागतं. दादा, शेतात मोरचूद किंवा गोगलगायीचं औषध हाताळून आलात तर त्या दिवशी टाकीत हात घालूच नका. मोरचुदात तांबं असतं आणि ते झिंग्याला आणि गोगलगायीला अगदी थोडंही चालत नाही. माशांच्या पुष्कळ औषधांतही ते असतं, बाटली वाचून घ्या.

मांजराकाठ (लातूर)

सगळं लिहून घेतलं. वडिलांना काय सांगू? आणि उन्हाळा?

सदाफुली (नांदेड)

नेराइट गोगलगाय आणा, दोनच. ती काचेवरचं शेवाळ खरवडते, कोवळ्या पानाला तोंड लावत नाही. काचेवर तिळासारखी पांढरी अंडी चिकटवते, पण गोड्या पाण्यात ती वाढतच नाहीत. म्हणजे दोनाच्या दोनच राहतात. वडिलांना हे नीट सांगा, त्यांची भीती खरी आहे. झाडांबरोबर बारीक गोगलगायी फुकट येतील, त्या वाढल्या तर समजा खाद्य जास्त पडतंय. रात्री काकडीची चकती टाका, सकाळी तिच्यासकट उचला. झाडंही आठवडाभर बादलीत, रोज पाणी बदलून, मगच टाकीत. तळ्यातून हायड्रिला आणू नका. माझ्याकडं त्यातून चतुराची अळी आली होती, ती झिंगे धरून खायची.

गोदातीर (परभणी)

उन्हाळ्यात पाणी ३३-३४ पर्यंत जातं. पाण्यावर तिरका छोटा पंखा लावला की तीनेक अंश उतरतं. कूलर आपल्याकडं का चालतो आणि कोकणात का नाही, तेच कारण, हवा कोरडी. पण त्यानं पाणी भराभर आटतं, आणि आटतं ते नुसतं पाणी, क्षार आतच राहतात. वर रोज बोअरचं पाणी घालत गेलात तर मे संपेस्तोवर पेन हजाराला टेकेल. आटलेल्याची भर पावसाच्या साठवलेल्या पाण्यानंच घालायची, त्यासाठी एक ड्रम हात न लावता ठेवा. आठवड्याला दहा लिटर बदलायचं ते वेगळं, तिथं निम्मं-निम्मं. काढलेलं पाणी कढीपत्त्याला द्या, खतच आहे. पंप पाच वॉटच्या आतला, तो इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेली की उन्हाळ्यात हवा आधी संपते.

झिंगे दसऱ्यानंतर आणा, तोवर काचेवर-मॉसवर त्यांचं खाणं तयार होतं. पिशवीतून थेट सोडू नका. मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणा, एक टोक टाकीत, दुसरं झिंग्यांच्या भांड्यात, आणि चाक फिरवून सेकंदाला दोन थेंब. दोन तास लागतात.

मांजराकाठ (लातूर)

दिवाळीच्या शुभेच्छा मंडळी. कळवायचं राहिलं होतं. जुलैत पाणी भरलं, पोळ्याच्या आठवड्यात सहा गप्पी आले, दसऱ्यानंतर दहा झिंगे. सलाईनच्या सेटपाशी लेक दोन तास हलली नाही. पेन ४१० वर आहे. परवा एका झिंगीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसली, ती सारखी पाय हलवून त्यांना वारा घालते.

पण वडील रोज सकाळी पानं तपासतात. काल जावा फर्नच्या दोन जुन्या पानांवर भोकं सापडली. ते म्हणायलेत, सांगितलं होतं, सोयाबीनचं असंच झालं होतं.

गोदातीर (परभणी)

भोकं टाचणीएवढी आहेत का? कडेनं पिवळी पडलीत का? नवी पानं स्वच्छ आहेत का?

मांजराकाठ (लातूर)

तिन्ही हो.

गोदातीर (परभणी)

मग गोगलगाय नाही, पोटॅशियम कमी पडलंय. गोगलगाय कडेपासून वेडंवाकडं खाते. वडिलांना ‘पालाश’ म्हणा, त्यांना लगेच कळेल. ०:०:५० हे नुसत्या पालाशचं खत असेल घरात तर त्यातलं अर्धा ग्रॅम पेलाभर पाण्यात विरघळवून आठवड्याला एकदा. १९:१९:१९ हे मिश्र खत चुकूनही नको, त्यात युरिया-अमोनिया असतो. झालेली भोकं भरणार नाहीत, नव्या पानांकडं बघा.

मांजराकाठ (लातूर)

वडिलांनी स्वतः शेतातल्या खोलीतून पुडा आणला, नवाच, न फोडलेला. सोनाराकडून अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या आठ पुड्या तोलून आणल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली आहे. पहिली आज दिली.